मागच्या काचेवरची वाफ

१

त्या काळी सोनपेठात मोटारी दोनच होत्या. एक सरकारी जीप, ती निम्मे दिवस ढकलूनच चालायची. आणि दुसरी बसप्पाची. बसप्पाची गाडी म्हणजे लांबलचक काळं अमेरिकन धूड. बाजाराच्या दिवशी ती गल्लीत शिरली की समोरच्या बैलगाडीला उलट पावली मागं सरावं लागे, आणि गाडीवान बसप्पाच्या सात पिढ्यांची विचारपूस करी. बसप्पा वीस वर्षं हैदराबादेत एका जागीरदाराकडे ड्रायव्हर होता. पोलीस ॲक्शन झाली, पुढं जहागिरी गेल्या, जागीरदारसाहेब कुटुंबकबिला घेऊन कराचीला निघाले आणि जाताना गाडीची चावी बसप्पाच्या हातावर ठेवून गेले. तो गाडी घेऊन गावी आला आणि वऱ्हाडं, बाळंतिणी, परभणीला कोर्टात जाणारी माणसं वाहू लागला.

या गाडीत एक अजब चीज होती. तिला गार हवेचं यंत्र होतं. पुढं इंजिनाशेजारी कॉम्प्रेसर, त्यावर पट्टा. मागं डिकीत थंड नळ्यांची पेटी. तिथून निघालेली हवा मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या मानेवर येई. बंद करायला बटण म्हणून नव्हतं. गारवा नको असेल तर बॉनेट उघडून पट्टा उतरवून ठेवायचा, हवा असेल तर चढवायचा. एकदा पट्टा चढला आणि इंजिन फिरलं, की भर मे महिन्यात मागं बसलेला माणूस शाल मागे.

थोरला भाऊ ईश्वरअप्पा या सगळ्याची यथेच्छ टिंगल करी. बाजारपेठेत त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. "देवानं ऊन दिलंय ते काय येडा म्हणून?" असं तो भर दुकानात विचारी. चार वर्षांत एकदाही तो त्या गाडीत बसला नाही. "मला पाय हायत," म्हणायचा आणि डोक्याला पटकाही न बांधता चालू लागायचा. बसप्पाला बायको नाही, मूल नाही. या भावाशिवाय जवळचं कुणी नाही. दोघांचं एकच अंगण, एकच चूल. भांडण रोजचं आणि जेवणही रोज एका पंगतीला.

मागच्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जाम झाला. जागीरदाराच्या दुसऱ्या गाडीचा कॉम्प्रेसर आणि गॅसची एक लोखंडी बाटली बसप्पानं हैदराबादहून मिळवली, तरटात गुंडाळून खाटेखाली ठेवली. आज लावू, उद्या लावू करता करता वर्ष गेलं.

२

त्रेपन्न सालच्या मे महिन्यात ईश्वरअप्पा शेतात बांधाच्या कामावर दुपारभर उघड्या डोक्यानं उभा राहिला. घरी आला तेव्हा डोळे लाल आणि अंगाची नुसती भट्टी. कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, ते उलटून पडलं. पहाटे अंग गार पडलं. बसप्पानं मनगट हातात घेतलं. तीस वर्षं पाने आणि नटबोल्ट धरून त्याच्या बोटांची कातडी चपलेच्या तळव्यासारखी झाली होती. त्या बोटांना काही लागलं नाही. त्यानं छातीवर हात ठेवून पाहिला, बराच वेळ तसाच ठेवला.

"वैनी," तो म्हणाला, "अण्णा गेला."

भागम्मा नवऱ्याच्या उशाशी बसली होती. "नीट बघा भावजी."

"बघितलं."

सात वाजता जंगम स्वामी आले. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंग ताठायच्या आत मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म लावतात, गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर देतात, आणि बसल्या बैठकीलाच मातीत नेतात. मेला असं म्हणायचंही नसतं. लिंगैक्य झाला म्हणायचं. म्हातारे स्वामी डोळे पुसत पुढं झाले, ईश्वरअप्पाच्या मस्तकाला पाय लावून त्यांनी मंत्र म्हटला. त्या क्षणापासून तो शिवाचा झाला. माणूस म्हणून त्याच्याकडे बघायचं काम तिथं संपलं.

फक्त त्याचा तळहात लिंग धरेना. बोटं उघडीच पडत आणि लिंग घरंगळे. शेवटी भागम्मानं पदराची चिंधी फाडून मूठ बांधून टाकली.

मुलगा रेवण नांदेडला गिरणीत होता. गंगाखेडला सायकलवर माणूस पिटाळून तार करायला लावली. तो निघाला तरी संध्याकाळच्या बसनं पोचणार. आणि आठ वाजताच पत्रे तडतडायला लागले होते. त्या उन्हात संध्याकाळपर्यंत काय होईल, ते बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

"पोरानं बापाचं तोंड बघितल्याबिगर मातीत घालू देनार न्हाई," भागम्मा म्हणाली.

"वैनी, अण्णाला गाडीत बसवू. मी यंत्र चालू करतो."

तिनं वर पाहिलं. "चार वर्सं न्हाई बसले ते तुमच्या गाडीत."

"आता बसंल," बसप्पा म्हणाला आणि उठला.

३

शेजारचा मल्हारी धनगर हाताशी आला. मेंढरं भावाच्या हवाली करून तो सकाळपासून अंगणातच होता. शेडमध्ये बॉनेट उघडलं. बसप्पानं आधी पट्टा सैल करून काढला. मग नळ्यांचे दोन नट. त्यातला एक गंजून बसला होता. रॉकेल सोडून, थांबून, पुन्हा पाना लावून तो कुरकुरत सुटला. चार बोल्ट निघाले आणि जुना कॉम्प्रेसर मल्हारीनं उराशी धरून बाहेर काढला.

"कोकरावानी जड हाय की," तो म्हणाला.

नवा बसवला. तांब्याचे वॉशर नवे घातले, तेल भरलं, बाटलीतला थोडा गॅस सोडून नळ्यांतली हवा हाकलून दिली, मग नीट भरला. प्रत्येक नटावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं. त्या दोन-अडीच तासांत बसप्पाला रडू आलं नाही. हाताला काम होतं, आणि काम बरोबर चाललं होतं. पट्टा चढवला, इंजिन सुरू केलं. मागच्या सीटच्या वरच्या जाळीवर तळहात धरला. आधी गरम, मग कोमट, आणि मग तो जुना, हैदराबादचा गारवा बोटांवर आला. बसप्पाच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

मग त्याला कळलं आपण काय म्हणालो. काल संध्याकाळी हे यंत्र चालू असतं तर? अंगाची भट्टी झालेल्या माणसाला इथं आणून बसवलं असतं तर? वर्षभर ते खाटेखाली तरटात पडून होतं. बसप्पा गाडीच्या पायरीवर बसला आणि त्यानं तोंडावर मारून घेतलं.  मल्हारीनं रॅडिएटरवर घातलेल्या ओल्या तरटावर आणखी एक बादली ओतली.

४

दहा-साडेदहाला ईश्वरअप्पाला उचलून आणलं आणि मागच्या सीटवर उजव्या बाजूला मांडी घालून बसवलं. डोक्याला पटका, हनुवटीखालून बांधलेली पट्टी, गळ्यात झेंडूची माळ, डावी मूठ मांडीत. दारं लावली, काचा वर केल्या. बाहेर अंगणात टाळ-पखवाज घेऊन भजनाला माणसं बसली. इंजिन घुमत राहिलं.

इंजिनाच्या थरथरीनं सगळी गाडी बारीक हलत होती आणि गाडीबरोबर ईश्वरअप्पाही. पटक्याचं टोक हलत होतं. हनुवटी हलत होती. बायका येत, काचेतून बघत आणि पदर तोंडाला लावून मागं सरत. "जित्त्यावानी दिसायलेत," एक म्हणाली. बसप्पानं समजावून सांगितलं की हे इंजिनाचं हलणं आहे. एकीला, दुसरीला, तिसरीला सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज चढला, तसं मग कुणी विचारेना.

बाराच्या पुढं भजनवाले सावलीत जाऊन पेंगले. अंगणात नुसतं ऊन आणि तो घुमणारा आवाज उरला. बसप्पा पेट्रोलचा डबा घेऊन गाडीला वळसा घालत होता, तेव्हा त्याला ती दिसली. मागच्या उजव्या काचेवर, ईश्वरअप्पाच्या तोंडासमोर, तळहाताएवढी वाफ धरली होती.

५

मल्हारीनंही ती पाहिली. त्यानं धोतराच्या सोग्यानं काच पुसली. वाफ जागची हलली नाही. त्यानं पुन्हा पुसली, मग बोटानं टकटक केलं.

"बसप्पा, ही आतून हाय."

"आसंल."

"थंडीच्या दिसांत पाटंच्या पारी मेंढराच्या नाकाम्होरं धरती, तशी दिसायली मला तर."

बसप्पानं डबा खाली ठेवला. या गाडीच्या काचा त्यानं बारा वर्षं पुसल्या होत्या. यंत्र चालू असलं की आतली हवा कोरडी पडते, हे त्याला ठाऊक होतं. वाफ धरलीच तर ती बाहेरून धरते, पावसाळ्यात, दमट हवेत. आतून धरायला आत कुणीतरी श्वास सोडणारं लागतं. हे सगळं त्याला ठाऊक होतं, आणि त्याच्या तोंडून दुसरंच निघालं.

"काच गार पडली की वाफ धरतीच. यंत्राचा गुण हाय त्यो. तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमी म्हंता तर आसंल," मल्हारी म्हणाला आणि बादली घेऊन विहिरीकडे गेला.

बसप्पा असं का बोलला? पहाटे आपणच "गेला" म्हणालो म्हणून? स्वामींचा पाय लागला, खड्डा खणायला माणसं गेली, म्हणून? की अण्णा जिवंत असताना वर्षभर यंत्र लावलं नाही, आणि तो अजून जिवंतच असेल तर तोंड कसं दाखवायचं म्हणून?  बसप्पा पुढचं दार उघडून ड्रायव्हरच्या जागी बसला आणि दार ओढून घेतलं. आत कडाक्याचा गारवा होता. झेंडूचा आणि भस्माचा वास होता. समोरच्या आरशात त्यानं भावाकडे पाहिलं. डोळे अर्धे मिटलेले, छातीवरची माळ हलत होती. पण सगळंच हलत होतं, सीट हलत होती, आरसाही हलत होता. खरं काय ते कळायला इंजिन बंद करायला हवं होतं. दोन मिनिटं. दोन मिनिटांत काही बिघडणार नव्हतं.

त्यानं चावीला हात घातला. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. भागम्मा बाहेर उभी होती.

"बंद पडली का काय?"

"न्हाई."

"मग चावीला हात का लावायलात? रेवण येऊस्तर चालू राहू द्या, भावजी. मला मुखडा दाखवायचाय त्याला."

बसप्पानं हात काढून घेतला. उतरताना त्याची नजर त्या वाफेवर गेली. तिच्यात आता तीन आडव्या रेघा होत्या, बोटाएवढ्या रुंद, भस्माचे पट्टे ओढावेत तशा. पाण्याचे ओघळ असतील, त्यानं मनाशी म्हटलं. शेडमधून बाहेर येईपर्यंत त्याला आठवलं की ओघळ आडवे जात नाहीत. तो परत वळला नाही.

६

साडेपाचच्या बसमधून रेवण उतरला. बसप्पानं इंजिन बंद केलं, स्वामींनी मागचं दार उघडलं आणि ते जागच्या जागी थबकले. चिंधी सुटून पायाशी पडली होती. ईश्वरअप्पाची मूठ इष्टलिंगावर घट्ट आवळलेली होती, नखं पांढरी पडेपर्यंत.

"लिंग धरलं," स्वामी पुटपुटले. मग मोठ्यानं म्हणाले, "लिंग धरलं! पुण्यवान रे, पुण्यवान!"

हर हर महादेवचा एकच गजर झाला. सकाळी ज्या हातात लिंग ठरेना, त्या हातानं ते आपणहून धरलं, ही बातमी घटकेत गावभर झाली. माणसं दुकानं टाकून धावत आली. रेवण बापाच्या पायांवर डोकं ठेवून हुंदके देत होता. बसप्पा गर्दीत मागं उभा होता. मेलेला हात ताठतो, हे त्याला माहीत होतं. पण ताठलेला हात चिंधी सोडून टाकत नाही, हेही कळत होतं. त्यानं तोंड उघडलं. स्वामींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसप्पा, तुझ्या गाडीचं सोनं झालं रे."

त्यानं तोंड मिटलं.

शेतात खड्डा तयार होता, त्यात बसायला कोनाडा कोरलेला. बसप्पा आणि मल्हारी खाली उतरले. वरून ईश्वरअप्पाला सोडलं, तेव्हा त्याची मान बसप्पाच्या हातावर आली. मानेखाली ओल होती. गार वस्तू गरम हवेत आणली की तिला पाणी सुटतंच, बसप्पानं स्वतःला सांगितलं. सख्ख्या भावाला आपण वस्तू म्हणालो, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. मग मीठ पडलं, भस्म पडलं, बेलाची पानं पडली. बसप्पानं पहिली मूठभर माती टाकली, कारण घरातला मोठा माणूस आता तोच होता.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गाडी पुसायला शेडमध्ये गेला. इंजिन कालपासून बंद होतं, पट्टा त्यानं स्वतः उतरवला होता, पत्र्याखाली गाडीला हात लावला तर चटका बसत होता. मागच्या उजव्या काचेवर, आतून, तळहाताएवढी वाफ होती. बघता बघता ती आक्रसली, रुपयाएवढी झाली, आणि पुन्हा हळूहळू पसरली.

बसप्पानं दार उघडलं. आत नुसती धग. सीटवर कुणी नव्हतं. पण उजव्या बाजूची गादी खाली दबलेली होती, वर कुणी मांडी घालून बसावं तशी. त्यानं दार लावलं, पाने आणले आणि नवा कॉम्प्रेसर, नळ्या, सगळं उपसून काढून अंगणात टाकलं. नळ्यांत राहिलेल्या गॅसचा हा दोष असेल, असं त्यानं ठरवलं होतं. परत येऊन पाहिलं तर वाफ होती.

मग तो मोजू लागला. वाफ पसरून आक्रसून पुन्हा पसरेपर्यंत तीनदा ॐ नमः शिवाय म्हणून होई. संध्याकाळी सातदा. तिसऱ्या दिवशी सकाळी एकवीस वेळा म्हटलं तेव्हा कुठं ती पुन्हा पसरली. तेव्हा बसप्पाला कळून चुकलं की ही वाफ मातीखालच्या अण्णाच्या श्वासाची आहे आणि तो श्वास मंदावत चालला आहे. तो खोरं घेऊन धावत शेतात गेला.

तिथं ओटा बांधला होता. लिंग धरलेल्या पुण्यवानाला नारळ फोडायला ताडकळसपासून माणसं आली होती. बायका प्रदक्षिणा घालत होत्या. रेवण सगळ्यांना हात जोडून बापाची हकीकत सांगत होता, आणि सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. बसप्पाच्या हातातलं खोरं बघून तो म्हणाला, "काका, बरं झालं आणलं. कडंला माती ओढायचीच हाय." बसप्पानं कडेला माती ओढली. चांगली दोन घमेली ओढली, आणि घरी आला.

८

भागम्मा चुलीपुढं बसली होती. बसप्पा उंबऱ्यातच खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. पहाटेची बोटं, काचेवरची वाफ, मल्हारीला दिलेलं उत्तर, तीन रेघा, मानेखालची ओल, आणि आजची एकवीसची मोजणी. बोलताना त्यानं वर पाहिलं नाही.

भागम्मानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मी बी बघितल्या होत्या रेघा. म्हनूनच आले होते काचंपाशी. तुमी आत बसला होता. मला वाटलं, तुमाला यंत्रातलं कळतंय. काही आसतं तर तुमी इंजिन बंद केलं आसतं."

बसप्पानं डोकं उंबऱ्यावर टेकलं.

"आता?" ती एकदम उठली. "आता हाय का वाफ?"

दोघं शेडमध्ये धावले. वाफ होती. एक आण्याच्या नाण्याएवढी उरली होती. भागम्मानं दोन्ही हात काचेवर दाबले आणि "अहो, अहो" अशा हाका मारायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याला यापेक्षा मोठ्यानं कधी हाक मारली नसेल. बसप्पा मोजत होता. चाळीस झाले. साठ झाले. वाफ कडेनं विरत आत आत आली, हरभऱ्याएवढी झाली आणि गेली. काच लख्ख झाली. आत गादीची स्प्रिंग कुरकुरली आणि दबलेली जागा सावकाश वर आली.

"भावजी, खोरं घ्या!" भागम्मा ओरडली. मग तिनंच हात काढून घेतले. काचेवर तिच्या हातांचे ठसे उमटले होते, बाहेरून.

बसप्पा मागचं दार उघडून आत शिरला. जिथं भाऊ बसला होता तिथं मांडी घालून बसला आणि दार ओढून घेतलं. काचेला तोंड लावून त्यानं पोटातून श्वास सोडला. तापलेल्या काचेवर काही उमटलं नाही. मे महिन्यात जिवंत माणसाचा श्वास काचेवर धरत नाही, हे यंत्रातलं कळणाऱ्या माणसाला सांगायला नको होतं. त्यानं पुन्हा श्वास सोडला. पुन्हा सोडला. भागम्मा बाहेर उभी होती, आणि काच इतकी स्वच्छ होती की आत तो काय करतो आहे ते तिला सगळं दिसत होतं.